सातव्या वर्षाचा नाच

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, पण देल्फिनाने नवऱ्याला नावाने हाक मारल्याचं शेजारपाजारच्या कुणाला आठवत नव्हतं. लाजबिज काही नाही. 'म्हाताऱ्या' म्हटलं की तो येत होता, मग नावाचं काम काय? तो पंचविशीचा होता तेव्हापासून ती त्याला म्हाताऱ्या म्हणायची आणि तो तिला म्हातारे. वेहुत्ला गावातली निम्मी जोडपी असंच बोलतात. मेलितोन हे त्याचं नाव फक्त दवाखान्याच्या कागदावर आणि चर्चच्या वहीत होतं. इतकी वर्षं न लागलेलं ते नाव तिच्या तोंडून निघालं कधी, तर शांतोलो सणाच्या शेवटच्या दिवशी, भर चौकात, हजार माणसांसमोर. याला काय म्हणावं!

शांतोलोच्या दिवसांत मेलेली माणसं घरी जेवायला येतात. त्यांच्या येण्याचा आनंदच असतो, त्यांच्यासाठीच तर दारापासून वेदीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालायची. पण त्यांना परत न्यायला जी येते, ती काही जेवायला येत नाही. ती गल्लीगल्लीतून हिंडत आपली माणसं गोळा करते, आणि गर्दीत एखादं जिवंत माणूस हाताला लागलं तर तेही घेऊन जाते. म्हणून पुरुष पांगाऱ्याच्या लाकडाचे मुखवटे चढवतात, म्हाताऱ्याचे, म्हातारीचे, सैतानाचे, आणि आवाज बदलून बोलतात. मेलेला कोण आणि जिवंत कोण, तिला कळू नये. मुखवट्यातल्या माणसाला नावाने हाक मारायची नाही, हे इथल्या पोरांना कुणी शिकवावं लागत नाही. देल्फिनाला तर ते पन्नास वर्षं माहीत होतं.

मेलितोनचा नाच हौसेचा नव्हता, नवसाचा होता. सात वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा एवारिस्तो डेंग्यूने अंथरुणाला खिळला होता. एकोणीस वर्षांचा पोरगा, डोळे आत गेलेले, हिरड्यांतून रक्त. डॉक्टरांनी आशा सोडली तेव्हा मेलितोनने दवाखान्याच्या पायरीवर बसून नवस बोलला, पोरगा उठू दे, सात शांतोलो नाचेन. पोरगा उठला. आता तो दूर मोंतेरेला फ्रिजच्या कारखान्यात होता, सणाला येत होता, जात होता. यंदा मात्र त्याचा फोन आला होता की रजा नाही. आणि यंदाच नवसाचं सातवं वर्ष, शेवटचं.

ऑगस्टमध्ये मेलितोनच्या छातीत कळ आली. तीन दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टरीणबाईंनी बोटं मोजून सांगितलं, जिना नाही, ओझं नाही, नाच तर अजिबात नाही. मेलितोनने मान डोलावली आणि घरी येऊन म्हणाला, "सहा वर्षं नाचलो, सातवं सोडू? मग उरलेल्या वर्षाचं पोराकडून वसूल करतील."

"आणि नाचता नाचता पडलास तर?"

"तर पडलो."

"मग पुढच्या वर्षी तुझाच फोटो मांडते वेदीवर. शेजारी तुझी आवडती बिअर ठेवते. ये प्यायला!"

नाचाच्या आदल्या संध्याकाळी हेच भांडण पुन्हा झालं. सकाळी तो कॉफी न पिताच पिशवीत कपडे कोंबून निघाला. मुखवटा नाचाच्या टोळीच्या कप्तानाच्याच घरी बांधीन म्हणाला. सहा वर्षं त्याच्या मुखवट्याची गाठ तिनेच बांधली होती. ती रुसून अंगणात पाठमोरी बसून राहिली आणि त्याला जाऊ दिलं. मग दिवसभर तिला तेच टोचत राहिलं.

दुपारी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस पडत नव्हता. मंडपाच्या चारही बाजूंना बांबूच्या उंच कमानी, झेंडूने आणि कोंबड्याच्या तुऱ्यासारख्या लालभडक फुलांनी गच्च मढवलेल्या, त्यांना संत्री आणि पाव टांगलेले. धुपाचा धूर वर जायला तयार नव्हता, माणसांच्या गुडघ्यांभोवतीच घोटाळत होता. केळीच्या पानात भाजलेलं, मक्याच्या पिठाचं हातभर लांबीचं साकाविल फोडून बायका प्लेटा भरत होत्या, मसाल्याच्या वासाने तोंडाला पाणी सुटत होतं. राजधानीहून आलेली शहरी मंडळी चेहऱ्याला सांगाडा रंगवून फोटो काढत होती. व्हायोलिनवाल्याने नुकतीच तार जुळवली होती आणि नाचणाऱ्या म्हाताऱ्यांची टोळी चर्चच्या बाजूने चौकात शिरली होती.

"ए देल्फिना, तोंड असं का करून बसलीस? कुणी तुझं साकाविल पळवलं का?" तोमासा म्हणाली. तोमासा म्हणजे शेजारीण, आणि एवारिस्तोची धर्ममाता. बाप्तिस्म्याला तिनेच त्याला हातात धरलं होतं. तिचं तोंड जेवतानाही बंद नसे.

"म्हाताऱ्याकडे बघतेय."

"बघ बघ. या वयात कोण बघतं नवऱ्याकडे! तो बघ, उड्या कसा मारतोय. आणि तू म्हणे छाती बिघडलीय. माझ्याला तर छाती चांगली असून पलंगावरून उठवत नाही."

देल्फिनाला तेच तर खटकत होतं. पांढऱ्या भुवयांचा, गालावर चीर असलेला तो मुखवटा मेलितोनचा. तो तपकिरी कोट मेलितोनचा, कोपराला तिने स्वतः लावलेलं ठिगळ. चालही त्याचीच, डावा पाय जरा बाहेर टाकून. पण उड्या? गेल्या वर्षी धड असतानाही तो असा नाचला नव्हता. जणू आजच सगळं उरकून टाकायचंय. तिच्या मनात आलं, याने ठरवलंय. सातवं वर्ष पुरं करायचं आणि तिथेच पडायचं.

टोळीत सोळा जण होते. म्हातारे, लुगड्यातले पुरुष, पोटाला उशी बांधलेली गरोदर बाई, आसूड फटकारणारा सैतान. आणि सगळ्यांच्या मागून पांढरी चादर पांघरून, लाकडी कवटी घालून नाचणारा एक जण, तो म्हणजे 'ती'. दरवर्षी हे काम सुतारआळीतला कुणीतरी करतो. हातात चादरीचं टोक धरून तो म्हाताऱ्यांवर झेप घेतो, म्हातारे वाकून निसटतात, पोरं ओरडतात. हसून हसून पुरेवाट होते.

सूर चढला. म्हातारे चर्चच्या पायऱ्यांवर नाचत चढले आणि नाचत उतरू लागले. शेवटच्या पायरीवर तपकिरी कोटवाल्याचा पाय सटकला. तो गुडघ्यावर आदळला, एक हात छातीशी गेला.

"मेलितोन!"

आपण ओरडलो हे देल्फिनाला आधी कळलंच नाही. आवाज कानावर पडला तेव्हा तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. उशीर झाला होता. नुसतं म्हाताऱ्या म्हणाली असती तरी काही बिघडलं नसतं, तिथे सगळेच म्हातारे होते.

व्हायोलिन मध्येच थांबलं. शहरी मंडळींना काहीच कळलं नाही, ती टाळ्या वाजवत राहिली, पण इथली माणसं गप्प झाली. गर्दीतल्या पुढच्या एका म्हातारीने छातीवर क्रूस काढला. तोमासाच्या हातातला घास हातातच राहिला. "अगं बाई," एवढंच ती म्हणाली, आणि तोमासा एवढंच म्हणाली यावरूनच काय ते समजावं.

चादरवाला टोळीच्या मागच्या टोकाला होता. तोही थांबला होता. त्याने लाकडी कवटी आधी देल्फिनाकडे वळवली, आणि मग सावकाश त्या गुडघ्यावर बसलेल्या म्हाताऱ्याकडे. तो माणूस कामाचा पक्का असेल, गंमत म्हणून करत असेल. पण देल्फिना दोन पावलं मागे सरली.

म्हातारा उठला. कोट झटकला, तिच्याकडे बघून मान हलवली आणि नाचाच्या रांगेत गेला. टोळीचा कप्तान तिबुर्सिओ, सत्तरीचा, मुखवट्याशिवाय फिरणारा टोळीतला एकटाच माणूस, त्याने काठी आपटली. व्हायोलिन पुन्हा सुरू झालं.

गाणं संपल्यावर टोळी चर्चच्या भिंतीमागे पाणी आणि उसाची दारू घ्यायला गेली. देल्फिना धावतच तिकडे पोचली. माफी कशी मागतात अशा चुकीची, तिला ठाऊक नव्हतं. तपकिरी कोटवाला भिंतीला टेकून एकटाच उभा होता. तिने त्याच्या दोन्ही बाह्या धरल्या.

"म्हाताऱ्या, माझी जीभ झडो. तू पडलास आणि मला वाटलं... लागलं का? छातीत दुखतंय का? बोल की!"

मुखवट्याआडून दबलेलं हसू आलं. मग आवाज आला, तोही न बदलता.

"आई, मी आहे."

तिने बाह्या सोडल्या आणि पुन्हा धरल्या. वर्षभर तो आवाज तिने फोनवरच ऐकला होता.

"एवारिस्तो? अरे, तू तर... रजा नव्हती ना?"

"बाबांनीच सांगितलं होतं तसं बोलायला. तीन दिवसांपूर्वी त्यांचा फोन आला. म्हणाले, पाय उचलत नाहीत, तू नाच, आईला सांगू नकोस, ती उगाच जिवाला घोर लावून घेईल. कप्तान म्हणाले, रक्ताचं माणूस असेल तर चालतं. बाबा त्यांच्याच घरी मागच्या खोलीत पडून आहेत. बरे आहेत. नुसते दमलेत."

आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पोरगा समोर उभा होता, उबदार, घामेजलेला, पहिल्यापेक्षा खांदे रुंद झालेला. पण दुसऱ्याच क्षणी तिच्या ध्यानात आलं. नाव तिने मेलितोनचं घेतलं होतं. वळून बघितलं होतं एवारिस्तोने.

"तू पडलास तेव्हा छातीला हात का लावलास?"

"मुखवटा सुटत होता, म्हणून दोरी धरली. आई, अशी बघू नकोस ना! कारखान्यात माझ्या शेजारी एक पोरगी काम करते, तिला हे सांगितलं तर महिनाभर हसेल. नाव काय घेतलंस, त्यात काय! ती काय बहिरी नाही का होऊ शकत? इतकी जुनी बाई ती."

"गप!" देल्फिनाने त्याच्या दंडावर चापट मारली. तो हसत हसत पुन्हा रांगेत गेला. तरण्या माणसाला हसायला काय लागतं?

ती तोमासाजवळ परत आली. दोघी कमानीखालच्या गर्दीत उभ्या राहिल्या. टोळी आता मंडपाभोवती फेर धरत होती, चादरवाला मागे. कुणीतरी चर्चच्या बाजूने आतषबाजीचा बाण सोडला. वर जायचा तो आडवा गेला, पूर्वेच्या कमानीच्या बांधणीवर जाऊन आपटला आणि ठिणग्या उडाल्या. लोक ओरडत मागे सरले. जळका काथ्या तुटला, कमान एका अंगाला कलली आणि तिचा मुख्य बांबू, मांडीएवढा जाड, झेंडूच्या माळांसकट खाली आला.

तो तपकिरी कोटाच्या पाठीमागे एका पावलावर आदळला. पाऊलभर. म्हाताऱ्याने तेवढ्यात पुढे गिरकी घेतली होती म्हणून. त्याच्या कोटाच्या मागच्या शिवणीवर झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या होत्या.

"वाचला! म्हातारा वाचला!" लोकांनी एकच गिल्ला केला. मुखवट्यातल्या म्हाताऱ्याने वाकून लोकांना सलाम केला. टाळ्यांचा कडकडाट झाला. चादरवाला पडलेल्या बांबूपाशी आला आणि त्यावर चढून नाचू लागला. लोक आणखीच हसले.

देल्फिना हसली नाही. ती गर्दीतून वाट काढत तिबुर्सिओ कप्तानाला शोधत गेली. तो चर्चच्या दाराशी काठीवर हनुवटी टेकून उभा होता. ती येणार हे त्याला माहीत असावं.

"बघितलंस ना, तिबुर्सिओकाका?"

"बघितलं."

"सांग मला."

"मी आपणहून सांगणार नव्हतो. तू विचारतेयस म्हणून सांगतो." त्याने घसा खाकरला. "नाव तू एकाचं घेतलंस, आणि माणूस दुसरा दाखवलास. नावाचा माणूस मुखवट्यात सापडला नाही, तर मुखवट्यात जो असेल त्याला ती नेते. माझ्या बापाच्या वेळी असंच झालं. धाकट्या भावाने थोरल्याचा मुखवटा चढवला होता, आणि थोरल्याच्या बायकोने नवरा समजून हाक मारली. पुढच्या नाताळापर्यंत धाकटा राहिला नाही. ऊस तोडताना गेला. पंचवीस वर्षांचा होता."

"एवारिस्तो सव्वीसचा आहे."

"ठाऊक आहे मला. त्याच्या वडिलांनी त्याच्यासाठी नवस बोलला तेव्हा मीच साक्षीला होतो. ज्याच्यासाठी नवस, त्यालाच मुखवटा चढवला, ही माझी चूक. मेलितोनचा चेहरा बघून मला नाही म्हणवलं नाही."

"उपाय काय?"

तिबुर्सिओने काठी चौकाकडे केली. "शेवटची फेरी बाकी आहे. त्याआधी ज्याचं नाव घेतलं त्याने स्वतः मुखवटा चढवला, तर नाव आणि माणूस एक होतात. पोरगा मोकळा. मग मेलितोनचं काय करायचं ते तिचं ती बघेल. सोडतेही कधीकधी. मी बघितलंय सोडताना."

"किती वेळा?"

"देल्फिना, तू आता मला असलं विचारू नकोस."

"मीच मुखवटा घालते. ओरडले मी, तर मलाच नेऊ दे."

"तुझं नाव कुणी घेतलंय?" कप्तान म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच तिला जास्त भय वाटलं.

कप्तानाचं घर चर्चमागच्या दुसऱ्या गल्लीत होतं. तेवढ्या वाटेत देल्फिनाच्या मनात काय काय आलं ते तिने पुढे कुणाला सांगितलं नाही, पण आलं. तो आजारीच आहे, आलं. डॉक्टरीणबाईंनी तर वर्षाचीही खात्री दिली नव्हती, आलं. पोरगा एकच आहे, हेही आलं. आणि हे सगळं मनात येतंय म्हणून तिला स्वतःची शिसारीही आली. घराच्या दारापासून वेदीपर्यंत झेंडूची वाट घातलेली होती. त्या पाकळ्यांवर पाय पडू नये म्हणून ती भिंतीच्या कडेकडेने आत गेली.

मेलितोन मागच्या खोलीत खुर्चीवर बसला होता, मांडीवर घोंगडी. चेहरा राखेसारखा झाला होता. तिला बघून तो चोरी पकडल्यासारखा हसला.

"सापडलो म्हणायचं. पोरगा बोलला वाटतं?"

"बोलला."

"शिव्या घाल मग. मी वाटच बघतोय."

ती उभीच राहिली. शिव्या न घालणारी देल्फिना त्याने फारशी बघितली नव्हती. त्याचं हसू हळूहळू उतरलं.

"कसा नाचतोय?"

"छान नाचतोय. तुझ्यापेक्षा छान."

"मग रडतेस कशाला?"

"मी हाक मारली, म्हाताऱ्या. तो पडला पायरीवर, मला वाटलं तूच आहेस. मी हाक मारली."

"काय म्हणून हाक मारलीस?"

"नावाने."

मेलितोनने घोंगडीचा काठ मुठीत धरला. बाहेरून व्हायोलिन ऐकू येत होतं, अगदी बारीक.

"माझ्या?"

"तुझ्या."

"आणि वळला कोण?"

तिने मान चौकाच्या दिशेने वळवली. मग तिने कमान पडल्याचं सांगितलं, पाऊलभर अंतराचं सांगितलं, तिबुर्सिओ जे बोलला तेही सांगितलं, एक शब्द न गाळता. तो ऐकत राहिला. मध्ये एकदा त्याने पाणी मागितलं आणि दोन घोट प्यायला.

तो काही म्हणेल म्हणून ती थांबली होती. स्वतःच म्हणेल, मी जातो. म्हणजे तिला बोलावं लागणार नाही. पण तोही तिच्या तोंडाकडेच बघत होता. त्यालाही ते तिच्याकडूनच ऐकायचं होतं, किंवा ऐकायचं नव्हतं, कुणास ठाऊक.

"ऊठ," देल्फिना म्हणाली.

त्याने मान हलवली. घोंगडी बाजूला केली. पाय जमिनीवर ठेवले आणि तसाच बसून राहिला.

"भीती वाटते गं, म्हातारे."

"मलाही."

"मला वाटलं होतं, सातवं वर्ष झालं की मोकळा होईन. पोराच्या लग्नात नाचेन म्हटलं होतं." त्याने पायांकडे बघितलं. "मोजे दे माझे. तिकडे आहेत, पेटीवर."

तिने गुडघे टेकून त्याच्या पायांत मोजे चढवले, मग बूट. त्याच्या पायांना सूज होती, बूट बसेनात, तिने नाड्या सैल केल्या. 'नको, राहू दे' हे शब्द तिच्या तोंडापर्यंत आले. ते बोलायला तिला भरपूर वेळ मिळाला होता, दोन्ही बूट घालून होईपर्यंतचा. ती बोलली नाही.

तिबुर्सिओने पोराला बाहेरच्या खोलीत आणून बसवलं होतं. धुपाचा धूर करून त्याने एवारिस्तोच्या चेहऱ्यावरून मुखवटा उतरवला. घामाने केस कपाळाला चिकटलेले, गालांवर दोरीचे वळ. देल्फिनाने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि मनात म्हटलं, हा माझा. वडील आतून कोट मागायला आले तेव्हा तो गोंधळला.

"बाबा, हे काय? तुम्ही कुठे निघालात?"

"शेवटची फेरी मी करतो. नवस माझा आहे. शेवटचं पाऊल माझं नको?" मेलितोनने त्याच्या पाठीवर थाप मारली. "एकच फेरी. तू आता बघ, नाच कशाला म्हणतात ते."

एवारिस्तो आईकडे वळला. आवाज खाली आणून त्याने विचारलं, "तू त्या हाकेचं तर नाही ना सांगितलंस त्यांना?"

"नाही," देल्फिना म्हणाली. "तो आपणहूनच म्हणाला."

मुखवट्याची गाठ तिनेच बांधली. पक्की बांधली, सुटू नये अशी. पांगाऱ्याचं लाकूड आतून अजून ओलं आणि गरम होतं, पोराच्या श्वासाने. मुखवट्याआड मेलितोन काहीतरी पुटपुटला, पण ते तिला ऐकू आलं नाही, आणि आता विचारताही येत नव्हतं.

ती पोराला घेऊन चौकात आली तेव्हा उजेड पिवळट झाला होता. पाऊस पडलाच नव्हता. पडलेली कमान बाजूला ओढून ठेवली होती आणि लोक त्यातली संत्री सोलून खात होते. तोमासाने एवारिस्तोला बघून किंकाळीच फोडली, त्याला कवटाळलं, त्याचे मुके घेतले, मग तिची नजर देल्फिनावर गेली. तोमासाने चौकाकडे तोंड वळवलं.

शेवटच्या फेरीत म्हातारे गोल धरतात आणि चादरवाला मधोमध उभा राहतो. मग एकेका म्हाताऱ्याशी त्याची जुगलबंदी. तो चादर टाकतो, म्हातारा वाकून खालून निसटतो, लोक जल्लोष करतात. पहिला निसटला. दुसरा निसटताना मुद्दाम चादरवाल्याच्या ढुंगणावर लाथ मारून गेला, चौक हसून लोळला. गरोदर बाईने पोटातली उशी काढून चादरवाल्याच्या हातात दिली आणि पळ काढला. एवारिस्तोही हसत होता. त्याचा हात आईच्या खांद्यावर होता. त्या हाताचं ओझं तिला हवंहवंसं वाटत होतं.

तपकिरी कोट गोलात आला. तो सावकाश नाचत होता. एक पाऊल, थांबणं, दुसरं पाऊल. खांदे वरखाली होत होते. मध्येच तो गुडघ्यांवर हात टेकून वाकला, पुन्हा उभा राहिला.

"काय ॲक्टिंग करतोय हो!" शेजारची सांगाडा रंगवलेली मुलगी फोन उंच धरून म्हणाली. "बाकीचे नुसत्या उड्या मारतात. हा खरा म्हातारा वाटतो! मावशी, बघा ना, धापसुद्धा किती खरी!"

"हो," देल्फिना म्हणाली.

गर्दीलाही तो आवडला. कुणीतरी ठेका धरला, त्याच्या जड पावलांना साजेसा, आणि हळूहळू सगळा चौक त्या ठेक्यावर टाळ्या वाजवू लागला. चादरवाला गोल गोल फिरत त्याच्या जवळ आला. चादर पसरली. दोघे समोरासमोर उभे होते. पांढऱ्या भुवयांचा मुखवटा एकदा गर्दीकडे वळला, कुणाला तरी शोधल्यासारखा, आणि त्याला सापडलंही. मग तो समोर वळला. चादर वर गेली आणि खाली आली. म्हातारा वाकला नाही. पांढरं कापड त्याच्या खांद्यांवर पडलं, डोक्यावर पडलं, आणि तो त्याखाली तसाच उभा राहिला. सगळा चौक हसून लोटपोट झाला.

एवारिस्तोचं हसू थांबलं. त्याने मान पुढे काढून बघितलं.

"आई, बाबा वाकले का नाहीत?"

देल्फिनाचे हात टाळ्या वाजवत होते, बाकीच्यांच्या बरोबरीने, एकही न चुकता. तिने पोराकडे बघितलं नाही.

"नाचतोय तो," ती म्हणाली. "तू टाळ्या वाजव."

आणि एवारिस्तो टाळ्या वाजवू लागला.